वाडा उतरवून घ्या : वाड्यांचे मालक, विकासक आणि पाडकामाचे ठेकेदार यांना एका सुताराचं खुलं पत्र

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांचे मालक व त्यांचे वारस, तिथे नव्या इमारती उभारणारे विकासक, आर्किटेक्ट आणि पाडकामाचे ठेकेदार यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या दुकानापासून चार गल्ल्यांवरचा एक वाडा पाडला गेला. तो कुणाचा, कुठल्या पेठेतला, ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र एका घराबद्दल नाही. सकाळी जेसीबी आला. दुपारी मला कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेलो, तोवर वाड्याच्या आतल्या चौकातले आठ सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आडवे झाले होते आणि दोन पोरं यांत्रिक करवतीने त्यांचे तुकडे पाडत होती. अठरा फुटी तुळईचे तीन भाग झालेले होते. जमिनीवर सोनेरी भुसा पडला होता आणि जुन्या सागाचा तो तेलकट, कातड्यासारखा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

तुळईच्या ताज्या कापलेल्या तोंडावर मी पाणी लावलं, फडक्याने पुसलं आणि झाडाच्या वाढीची वर्षावर्षाची वलयं मोजली. एकशे अठरापर्यंत पोचलो. बाहेरचा पांढरा भाग तर पूर्वीच्या सुताराने वाकसाने तासतानाच काढून टाकलेला, म्हणजे झाडाचं वय त्याहून जास्त. ठेकेदार जवळच उभा होता. सरळ माणूस. म्हणाला, "काका, मला आठ दिवसांत प्लॉट मोकळा करून द्यायचाय. लाकूड किलोवर दिलंय, भट्टीसाठी. अख्खा खांब ट्रकमध्ये बसवायला माणसं कुठून आणू?" मी पैसे देऊ केले तेव्हा दोन खांब कापायचे राहिले होते. ते दोन मी हातगाडीवर घालून आणले.

मला त्या वाड्याचं इतकं का लागलं ते सांगतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा मातीच्या भिंती पाण्यात विरघळून खाली बसल्या. माझे आजोबा त्यानंतर दोन वर्षं फक्त वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करत होते. या वाड्याचं त्यांनी अनेकदा सांगितलेलं मला आठवतं : मागच्या सोप्याची भिंत पूर्ण गेली होती, पण खांब-तुळयांचा सांगाडा जागचा हलला नव्हता. त्यांनी दोन खांबांचे कुजलेले तळ बदलले, एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कापून नवं जोडलं आणि दिवाळीपर्यंत वरचा मजला राहता झाला. मे महिन्यातल्या त्या ढिगाऱ्यात मला तो सांधा सापडला. साठ वर्षांनंतरही त्यात पोस्टकार्डाचा कागद सरकला नसता. करवत त्याच्या वीतभर बाजूने गेली होती.

तर, वाडे पाडू नका असं सांगायला मी बसलेलो नाही. तुमच्यातले कितीतरी लोक माझे गिऱ्हाईक आहेत, तुमच्या घरांत मी लहानाचा मोठा झालो. गळकं छप्पर, चार भावांची वाटणी, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू, जिन्यावरून पडणारी म्हातारी माणसं, पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर लागणारी धोकादायक इमारतीची नोटीस, हे सगळं मी पाहिलं आहे. नवी इमारत हवी हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की वाडा पाडू नका, उतरवून घ्या. ज्या क्रमाने तो चढवला, त्याच्या उलट क्रमाने. आधी कौलं, मग वासे, मग तक्तपोशी (फळ्यांची तळजमीन), मग तिच्याखालच्या कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, मग तुळया, मग हस्त (तुळईला खालून आधार देणारे तिरपे तुकडे) आणि महिरपी, शेवटी खांब. तो तसा उतरतो. तो तसा उतरावा अशाच रीतीने जोडलेला आहे. एका लाकडाचा कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते. खुंटी मागून ठोकली की निघते. खांब तर जमिनीत पुरलेलाही नसतो, दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो, ओल वर चढू नये म्हणून.

हे लाकूड काय आहे ते आपल्याला नीट ठाऊक नाही असं मला वाटतं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

आपल्या देशात साग मुद्दाम लावून वाढवण्याचं पहिलं मोठं काम केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात सुरू झालं. त्याआधीचं जवळजवळ सगळं सागवान जंगलात आपोआप आलेलं. म्हणजे पेशवाईतल्या कुठल्याही वाड्याचा खांब हा बहुधा रानातल्या झाडाचाच आहे. १७३० साली शनिवारवाड्याचं काम सुरू झालं तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आला, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून. त्यातलं बहुतेक लाकूड १८२८ च्या आगीत जळालं. आज त्या काळचं सुतारकाम बघायचं तर नानावाड्यात जावं लागतं, किंवा १८०७ च्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाखाली उभं राहावं लागतं. नानावाडा १७८० चा. तिथल्या खांबाचं झाड तोडताना दीडशे वर्षांचं असेल, तर ते उगवलं १६३० च्या सुमाराला, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळी. नऊ-दहा इंची चौरस खांब निव्वळ गाभ्याचा, म्हणजे खोडाच्या मधल्या तपकिरी, टिकाऊ लाकडाचा निघायचा, तर खोडाचा घेर चार-साडेचार फूट लागतो, आणि आपल्या कोरड्या डोंगरांत तेवढा घेर धरायला शंभराच्या आसपास वर्षं सहज जातात.

टिकण्याबद्दल मी काही बोलण्यापेक्षा लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात जा आणि चैत्यगृहात मान वर करून पाहा. दगडात कोरलेल्या छताला लाकडी कमानींच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षं तिथे आहेत. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. त्यात बारीक वाळूसारखी सिलिका असते, म्हणून रंध्याचं पातं लवकर बोथट होतं आणि आम्ही दिवसातून तीनदा दगडावर धार लावतो. ऊन-पावसात हे लाकूड फारसं फुगत नाही, आकसत नाही. म्हणून जहाजाचे तक्ते, दाराच्या चौकटी, रेल्वेचे डबे, पाण्याकाठची कामं, सगळीकडे सागच मागायचे. वाड्यातलं लाकूड तर वर दोनशे वर्षं वाळलेलं. ते आता कुठेही बसवा, वाकणार नाही.

(वाड्यातलं सगळंच लाकूड साग नसतं. वासे ऐनाचे निघतात, कुठे किंजळाचे, देवघराच्या चौकटीला शिसव असतो. तेही फेकण्यासारखं नसतं. पण खांब आणि तुळया बहुधा सागाच्याच.)

"मग नवा साग लावू की" असं मला एका तरुण आर्किटेक्टने सांगितलं. जरूर लावा. मी लावला आहे. भोर तालुक्यात माझ्या मेहुण्याच्या बांधावर १९९९ साली आम्ही नर्सरीतून सागाच्या जड्या आणल्या. जडी म्हणजे वर्षभराच्या रोपाचं मूळ आणि वर बोटभर खोड, बाकी सगळं छाटलेलं. पाऊस लागता लागता पहारीने भोक पाडायचं, जडी सरळ उतरवायची आणि पायाने माती घट्ट दाबायची, मध्ये पोकळी राहिली तर ती कुजते. सागाचं बी कठीण कवचाचं, ते आठवडाभर भिजवून-वाळवून, भिजवून-वाळवून मग कुठे रुजतं, म्हणून जडीच बरी. पाणी साचणारी जमीन त्याला मुळीच चालत नाही. खाली बांधाच्या ओलीत लावलेली आमची सगळी रोपं तिसऱ्या वर्षापर्यंत गेली, वर मुरमात लावलेली जगली. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढाव्या लागतात, नाहीतर लाकडात गाठी धरतात. दाट झाली की विरळणी करावी लागते आणि ती करताना शेतकऱ्याचा जीव तुटतो. पावसाळ्यात अळ्या पानं खाऊन नुसती जाळी ठेवतात, तरी झाड तगतं. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे पाहायला मेहुण्याची नातवंडं अजून झाडाखाली जमतात.

त्यातलं एक झाड आम्ही पंचवीस वर्षांनी तोडलं. घेर अडीच फूट. आडवं कापलं तेव्हा मधला तपकिरी गाभा सहा इंचांचा होता आणि भोवती सगळीकडे पांढरं. पांढऱ्यात वाळवी लागते, भुंगा लागतो, ते टिकाऊ कामाला चालत नाही. साग भराभर वाढला म्हणून तो हलका असं नाही, हा गैरसमज आमच्या धंद्यातही आहे. अडचण वेगाची नाही, वयाची आहे. तरुण झाडात गाभा थोडा आणि गाभ्यातलं तेल त्याहून थोडं. या झाडाचं एक टेबल चांगलं झालं. वाड्याचा खांब होण्यासाठी ते अजून पाऊणशे वर्षं उभं राहायला हवं होतं. त्या वेळी आपल्यापैकी कुणीही नसेल.

बाहेरून आणू म्हणाल, तर ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून सागाचे अख्खे ओंडके देशाबाहेर पाठवणं बंद केलं. आता बाजारात घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका इथला साग येतो. तो बराचसा लागवडीचाच, आमच्या बांधावरच्यासारखा.

आणि बांधावरचं ते झाड तोडलं त्या वेळची दुसरी गोष्ट. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात साग यादीत आहे. स्वतःच्या बांधावर स्वतः लावलेलं एक झाड तोडायला मेहुण्याला अर्ज, सातबारा, नकाशा, पंचनामा, मोजणी आणि परवानगी लागली. तोडल्यावर ओंडक्यावर शिक्क्याचा हातोडा पडला, वाहतुकीचा पास मिळाला, मग टेम्पो निघाला. चार महिने गेले. माझी त्याबद्दल तक्रार नाही, झाडाची अशी नोंद असावीच. पण ज्या दिवशी त्या चौकात मी आठ खांब आणि सहा तुळया पाहिल्या, त्या दिवशी मी मनात हिशेब केला : मी आणलेले दोन खांब वगळूनही शंभर घनफुटांच्या वर गाभ्याचा साग, एका दुपारीत, कुणाच्याही वहीत एक ओळ न पडता भट्टीत गेला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली मालकांकडे. करारनाम्यात तुम्ही चटईक्षेत्र इंचाइंचाने भांडून घेता, पार्किंग लिहून घेता, पण "पाडकामातून निघणारा माल ठेकेदाराचा" या एका ओळीवर न वाचता सही करता. त्या ओळीत तुमच्या पणजोबांचा दिंडी दरवाजा असतो. मी विचारलं की म्हणता, "लाकूड होय? ते सगळं कुजलंय." कुजलेलं नसतं. तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या दीड-दोन फुटांत, जिथे न्हाणीघराची किंवा पन्हळीची ओल उतरते. मधली चौदा फूट टणटणीत असते. हातोडीने ठोका आणि आवाज ऐका, पोकळ की भरीव हे लहान पोरालाही कळतं. वरून तेलरंगाचे दहा हात दिलेले असतात म्हणून ते लाकूड दिसत नाही, एवढंच.

दुसरी विकासक आणि आर्किटेक्ट मंडळींकडे, आणि ही मला जास्त टोचते, कारण तुम्हाला कळतं. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात तुम्ही जुन्या वाड्याचा भास होईल अशा महिरपी लावता. त्या फायबरच्या किंवा एमडीएफच्या असतात, वर सागाच्या रंगाचा कागद. त्याच जागेवरून सहा महिन्यांपूर्वी खऱ्या महिरपी निघालेल्या असतात, हस्तांवर केळफूल कोरलेल्या. तुम्ही त्या आराखड्यात धरल्या असत्या तर मालकांना आनंद झाला असता आणि तुमचा खर्च वाचला असता. आराखडा काढायच्या आधी एकदा येऊन लाकूड मोजून गेला असा आर्किटेक्ट मला गेल्या दहा वर्षांत दोनदाच भेटला.

तिसरी ठेकेदारांकडे. तुमच्यावर वेळेचा दट्ट्या असतो हे मी जाणतो. पण नऊ फुटी खांब मधोमध कापला की त्याचे साडेचार फुटांचे दोन तुकडे होतात, आणि साडेचार फुटांना खांब म्हणून कुणी विचारत नाही. नऊ इंची खांबात पाच घनफूट लाकूड असतं, वजन नव्वद किलोच्या पुढे. चार माणसं आणि एक दोर एवढ्यावर तो उतरतो. जळणाच्या भावात तो देऊन तुम्ही स्वतःचंच नुकसान करता, हे मी तुमच्यापैकी तिघांना हिशेब मांडून दाखवलं आहे. त्यातल्या एकाने पुढच्या कामावर मला बोलावलं. बाकीच्या दोघांना वेळ नव्हता.

चौथी आमच्याच लोकांकडे आहे, ती लपवणार नाही. जुनं लाकूड घेऊन गेलं की करवतवाले पाठ फिरवतात, कारण आतला खिळा लागला तर पातं तुटतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण खिळे काढता येतात, त्याला एक माणूस आणि एक दिवस लागतो, आणि लोहचुंबक फिरवून आत राहिलेला तुकडाही सापडतो. हे काम करायला आम्ही सुतारच तयार होत नाही, प्लायवुडवर सनमायका चिकटवण्यात दोन पैसे लवकर मिळतात म्हणून. माझ्या मुलाच्या वयाच्या किती सुतारांना वाकस धरता येतो?

२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून साग निघाला तेव्हा त्याची पूजा झाली, मिरवणूक निघाली. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि डोळे भरून आले. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग त्या मानाचाच आहे. तसाच साग आपल्या पेठांत उभा आहे, त्याच्या अंगाला टेकून आपल्या आज्यांनी पापड लाटले.

मी मागतो ते एवढं आहे.

पाडकामाच्या करारात लाकडाचं वेगळं कलम घाला. कुठलं लाकूड मालक ठेवणार, कुठलं विकणार, कुठलं ठेकेदाराचं, हे लिहून ठेवा.

पाडायच्या आधी एक दिवस सुताराला बोलवा. प्रत्येक खांब, तुळई, चौकट मोजून, खडूने आकडा टाकून, फोटो काढून यादी करा. जमल्यास कोणतं लाकूड कुठे बसलं होतं याचा साधा नकाशाही. आकडे नसले की उतरवलेली महिरप परत जुळत नाही, मी जुळवून थकलो आहे.

लाकडाला दहा दिवस द्या. नव्या इमारतीला तीन वर्षं लागतात, त्यातले दहा दिवस. आणि यांत्रिक करवत वाड्याच्या आवारात आणू नका.

निघालेल्यातलं थोडं तरी त्याच जागेवर परत लावा. सोसायटीच्या दारात दोन खांब, जिन्याच्या कठड्याला जुनी पट्टी, देवघराला जुनी चौकट, मीटिंगच्या खोलीत तुळईचं बाक.

महापालिकेलाही या पत्रातून एक विनंती आहे, कारण परवानगी तिच्याकडून मिळते. वारसा यादीत ज्यांची नावं आहेत त्या वास्तूंकडे निदान लक्ष असतं. यादीबाहेरच्या साध्या वाड्यांसाठी पाडकामाच्या परवानगीसोबत लाकडाची यादी जोडणं बंधनकारक करावं आणि निघालेला माल ठेवायला एक कोरडी, छप्पर असलेली जागा द्यावी. ज्याला हवं त्याने तिथून मोजून विकत न्यावं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना यात धंदा आहे, शाळांना बाकं आहेत, देवळांच्या दुरुस्तीला हवं तसं लाकूड आहे.

जागा मिळेपर्यंत माझ्याकडून होईल ते करतो. ज्या कुणाचा वाडा या वर्षी उतरायचा आहे, त्यांनी पेठेतल्या कुठल्याही जुन्या सुताराला विचारावं, तो माझं दुकान दाखवेल. दाराशी ते दोन सुरूदार खांब उभे आहेत, ओळखायला सोपं जाईल. मी येऊन लाकूड ठोकून बघेन, मोजेन, यादी करून देईन. त्याचे पैसे घेणार नाही. रविवारी दिवसभर मोकळा असतो. फक्त मृगाच्या आधी बोलवा, एकदा भिंती भिजल्या की खुंट्या फुगतात आणि सुटता सुटत नाहीत.

आपला,
कसबा पेठेतला एक सुतार